तात्पुरता परवाना आणि ताकाचं भांडं

आमच्याकडे पार्टीला नवीन जोडपं आलं की पहिल्या दहा मिनिटांत 'तुम्ही कुठे?' हा प्रश्न निघतो. म्हणजे कुठल्या कंपनीत. माझा नवरा 'क्लाउडमध्ये' म्हणतो आणि सगळे मान डोलावतात. क्लाउडमध्ये तो नेमकं काय करतो हे मलाही माहीत नाही, पण मान डोलवायला तेवढं पुरतं. माझी पाळी आली की मी सांगायची, ''मी राज्य सरकारात आहे. परराज्यातल्या अप्रेझरना तात्पुरता परवाना देते.'' या वाक्याचा दुसरा अर्धा भाग ऐकायला आजवर कोणी थांबलेलं नाही. नेमकी तेव्हाच लोकांना चटणी संपल्याची आठवण होते. या अंकाच्या संपादकबाई थांबल्या, कारण चटणी आधीच त्यांच्या ताटात होती. त्यांनी विचारलं, ''म्हणजे नक्की काय करता?'' आणि मी सांगत सुटले. आता त्या भोगताहेत आणि त्यांच्यामागे तुम्ही.

राज्याचं नाव लिहीत नाही. पेन्शन तिथूनच येते.

मी नागपूरची. सरकारी कचेरी म्हणजे काय हे लहानपणीच शिकले होते: एक खुर्ची, एक पंखा आणि 'उद्या या'. इथे खुर्ची मिळाली, पंख्याची गरज नव्हती, आणि 'उद्या या' म्हणायची सोय वॉशिंग्टनवाल्यांनी आधीच काढून टाकलेली. अर्ज पूर्ण असेल तर कामाच्या पाच दिवसांत परवाना हातात पडला पाहिजे, असा केंद्राचा नियम. पहिले काही महिने मला ते फार जड गेलं. कागद टेबलावर थोडा मुरू दिल्याशिवाय त्याला चव येत नाही, असे माझ्यावर संस्कार.

आता धंदा काय तो सांगते. बँक कर्ज देण्याआधी इमारतीची किंमत एका तिऱ्हाइताकडून ठरवून घेते. तो तिऱ्हाईत म्हणजे अप्रेझर. भारतात त्याला व्हॅल्युअर म्हणतात. त्याने खरेदीदाराच्या बाजूचं असू नये, विकणाऱ्याच्या बाजूचं असू नये आणि खरं तर बँकेच्याही बाजूचं असू नये. म्हणजे त्याने कोणाचंच असू नये. याचा परवाना ज्या त्या राज्याचा. टेक्सासातला कितीही मोठा अप्रेझर असला, तरी आमची हद्द ओलांडली की त्याच्या सहीला किंमत नाही. पण काही इमारती अशा असतात की त्यांचं मोल करणारी माणसं देशभरात मोजकीच: साखर कारखाना, तुरुंग, पाण्यातल्या घसरगुंड्यांचं उद्यान. अशा वेळी बाहेरचा माणूस बोलवावा लागतो. त्याला आम्ही एका कामापुरता, ठरावीक मुदतीचा परवाना द्यायचो. काम करा, अहवाल द्या आणि आपल्या घरी जा. थोडक्यात, व्हिसा ऑफिस. जिने स्वतःच्या व्हिसासाठी खिडकीबाहेर कितीतरी वर्षं 'येस ऑफिसर' केलं, तिला त्यांनी खिडकीच्या आत बसवलं होतं. मजा यायची, खोटं कशाला बोलू.

अर्जासोबत बँकेने त्या माणसाला काम दिल्याचं पत्र लागतं. त्याला 'एंगेजमेंट लेटर' म्हणतात. मी फोनवर आईला एकदा म्हटलं की दिवसभर एंगेजमेंट लेटर तपासते. तेव्हापासून 'माझी लेक अमेरिकेत साखरपुडे मंजूर करते', असं ती आमच्या अख्ख्या गल्लीत सांगत असे. मी तिची चूक दुरुस्त केली नाही. गल्लीत माझा मान वाढला होता.

गिऱ्हाइकं एकेक नग होती. एक गृहस्थ फक्त दफनभूम्यांचं मोल करायचे. अतिशय मृदू आवाज, कधी घाई नाही. मी म्हणायची, दोन दिवस लागतील, तर म्हणायचे, लागू द्या बाई, तिथल्या कोणाला कुठे जायचंय. दुसरा होता गोल्फच्या मैदानांचा तज्ज्ञ. त्याने फोन करून परवाना तातडीने मागितला. मागे वारा ऐकू येत होता, बॅटरीच्या गाडीची घरघर ऐकू येत होती. मी विचारलं, आपण आत्ता कुठे आहात? म्हणाला, त्याच मैदानावर, पण मी काम करत नाहीये, नुसता खेळतोय. तेवढ्यात मागून कोणीतरी ओरडून फुटांत एक आकडा सांगितला. परवाना हातात येण्याआधी कामाला हात लावायचा नाही, हा आमचा सर्वांत कडक नियम. लावला तर परवाना तर जातोच, वर त्याच्या स्वतःच्या राज्यात तक्रार जाते आणि तिथली भाकरीही धोक्यात येते. त्या खेळाडूचं पुढे काय झालं ते सांगत नाही, पण त्यानंतर आमचा साहेब डग 'सहज' आलेल्या कुठल्याही माणसावर विश्वास ठेवेनासा झाला.

हा डग स्वतः जुना अप्रेझर. बोलणं कमी, मासेमारीचा नाद, आणि प्रत्येक शब्दाची व्याख्या मागायची खोड. 'लवकरच' लिहिलं की विचारायचा, लवकरच म्हणजे कधी? बायकोशी कसा राहतो कोण जाणे.

आता ज्याच्यासाठी मी हे सगळं सांगतेय तिकडे येते.

आमची इथे एक छोटी संस्था आहे. नागपूर, अमरावती, मराठवाडा, मुंबई, जिथून जिथून आंबेडकरी माणसं शिकून या गावात आली, त्यांची. संगणकवाले बरेच, दोन डॉक्टर, एक वकीलबाई, आणि युनिव्हर्सिटीतली पोरं. ही पोरं बुद्धवंदनेला उशिरा येतात आणि जेवणाला अगदी वेळेवर. अध्यक्ष मेश्राम काका, निवृत्त केमिस्ट. या देशात हयात गेली तरी बोली अजून नागपुरातल्या इंदोऱ्याची. आम्हाला स्वतःची जागा नव्हती. कधी शाळेचं कॅन्टीन, कधी मोटेलचा हॉल. मेश्राम काकू गेल्या तेव्हा त्यांची शोकसभा आम्ही अशाच एका मोटेलमध्ये घेतली. मधे पातळ भिंत आणि पलीकडे कोणाचा तरी वाढदिवस, डीजेसकट. काका बोलायला उभे राहिले आणि पलीकडे गाणं सुरू झालं. काका थांबले. गाणं संपेल म्हणून आम्ही सगळे वाट पाहत राहिलो. एक संपलं की दुसरं लागायचं. शेवटी काका न बोलताच खाली बसले. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी जागा शोधायला घेतली.

मग एका जुन्या चर्चचं तळघर रविवारी दुपारपुरतं भाड्याने मिळालं. चर्चची माणसं म्हातारी होऊन कमी कमी होत चाललेली. काही वर्षांनी त्यांनी ती इमारतच विकायला काढली आणि पहिल्यांदा आम्हाला विचारलं. काकांनी घरोघरी फिरून पैसे उभे केले, उरलेल्याला बँक तयार झाली. पण करार महिनाअखेरपर्यंतचाच, आणि मागे सामान ठेवायचे गाळे बांधणारी एक कंपनी रोख घेऊन टपलेली. किंमत ठरवणारा वेळेवर आला नाही, तर कर्ज नाही, आणि कर्ज नाही तर विहार नाही. काका म्हणायचे, ''माह्या शोकसभेला तरी मधे भिंत पक्की पायजे बाप्पा.'' ते हसत सांगायचे, पण ऐकणाऱ्याला हसू येत नसे.

अशात एका रविवारी एक गृहस्थ तळघरात आले. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. दारात बूट काढले आणि आमचे इतस्ततः पडलेले जोडेही पायाने सरळ केले. म्हणाले, ''मी पाठक. टेक्सासला असतो, फ्रिस्कोला. मुलीकडे आलोय. इथे मराठी मंडळी जमतात असं कळलं, सहज आलो.''

आडनाव ऐकून खोलीत क्षणभर जे झालं ते तुम्हाला सांगायला नको. आपल्याकडे माणूस हात पुढे करण्याआधी त्याचं आडनाव पुढे येतं. पण मेश्राम काकांनी 'या ना, बसा' म्हणून त्यांना सतरंजीवर जागा करून दिली. वंदना सुरू झाली. सगळ्यांनी डोळे मिटले, हे पाठक मात्र वर छताकडे बघत बसले. छतावर ओलीचा एक भला मोठा डाग आहे. मला हे कसं कळलं? माझाही एक डोळा उघडा होता. नंतर मीच त्यांना वाढलं. पाटवडीचा रस्सा, आमच्या विदर्भाच्या पद्धतीचा, म्हणजे पहिल्या घासाला परलोक दिसतो. पाठकांच्या नाकातून पाणी, कपाळाला घाम, पण वाटी पुढे. दुसऱ्यांदा पुढे. तिसऱ्यांदाही पुढे केली तेव्हा पोरं एकमेकांकडे बघून हसायला लागली. जाताना त्यांनी सगळ्यांना नमस्कार केला आणि गेले.

दोनच दिवसांनी माझ्या टेबलावर टेक्सासच्या एका अप्रेझरचा अर्ज आला. खासियत: प्रार्थनास्थळं. काम: आमचं चर्च. नाव: पाठक.

मी अर्ज जसाच्या तसा उचलला आणि डगच्या टेबलावर ठेवला. म्हटलं, ही माझ्या संस्थेची भानगड आहे, मी याला हात लावणार नाही. डगने मान हलवली. तो खूश झालेला दिसला, कारण नियम पाळणारी माणसं त्याला माशांखालोखाल आवडतात.

मला वाटलं, सुटले. तासाभराने त्याने परत बोलावलं. अर्जात एक प्रश्न असतो: या मालमत्तेवर काम सुरू केलं आहे का? पाठकांनी 'नाही'वर खूण केली होती. तिथे थांबले असते तर काही झालं नसतं. पण माणूस मूळचा सदाशिव पेठेतला. त्यांनी खाली स्वच्छ अक्षरात एक ओळ जोडली होती: तथापि, गेल्या रविवारी मी त्या जागेला सहज भेट दिली. याला आपल्याकडे हात दाखवून अवलक्षण म्हणतात. डगने त्या 'सहज'भोवती, म्हणजे इंग्रजीतल्या 'कॅज्युअली'भोवती, लाल वर्तुळ काढलं होतं.

त्याने विचारलं, तो तिथे आला तेव्हा तू होतीस? मी म्हटलं, होते. काय करत होता? मी म्हटलं, जेवला. आणि? आता मी काय करायला हवं होतं? 'आणि काही नाही' म्हणायचं नुसतं. पण समोर डग होता आणि मी तिथे इतकी वर्षं इतरांना खरं सांगायला लावत आले होते. मी म्हटलं, आणि छताकडे बघत होता. डगने पेन खाली ठेवलं.

मग त्याने पाठकांना फोन लावला, स्पीकरवर, मला समोर बसवून. सरळ विचारलं, ज्या इमारतीचं मोल करायला तुम्हाला नेमलंय तिथे तुम्ही परवान्याआधी का गेलात? पाठक म्हणाले, 'कॅज्युअली'. डग म्हणाला, टेक्सासचा माणूस दुसऱ्या राज्यातल्या एका चर्चच्या तळघरात 'कॅज्युअली' जात नसतो. पाठक दोनदा 'जस्ट लाइक दॅट' म्हणाले, एकदा 'नो पर्पज' म्हणाले, आणि मग मी तिथे आहे हे आठवून मराठीत म्हणाले, ''ताई, 'सहज'ला इंग्रजीत काय म्हणतात हो?''

डगने माझ्याकडे पाहिलं. त्याला त्या शब्दाची व्याख्या हवी होती.

आता मला सांगा, मराठी माणूस 'सहज आलो होतो' कधी म्हणतो? मुलीचा फोटो खिशात असतो तेव्हा. मुलाला कुठे चिकटवता येईल का हे विचारायचं असतं तेव्हा. तुम्ही नवी गाडी घेतली असं ऐकलेलं असतं तेव्हा. जो खरोखर सहज येतो तो 'सहज' म्हणतच नाही, तो येऊन बसतो आणि चहा मागतो. ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं ही आपली जुनी रीत, आणि 'सहज' हे त्या भांड्यावर टाकायचं फडकं. हे मला माहीत होतं, पाठकांना माहीत होतं, फक्त डगला माहीत नव्हतं. मी 'सहज म्हणजे काही हेतू नसताना' असं म्हटलं असतं तर ते शब्दकोशाप्रमाणे खरंच होतं. परवाना निघाला असता. मेश्राम काकांना जागा मिळाली असती.

मी डगला म्हटलं, या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक पुस्तकातला. दुसरा असा, की एक बाई शेजारणीकडे ताक मागायला जाते, पण लाज वाटते म्हणून पॉट पाठीमागे लपवते. 'पॉट' म्हटल्याबरोबर डगच्या भुवया कपाळात गेल्या. त्याला वाटलं, संस्थेत गांजाचा काही प्रकार आहे. त्याला ताक समजावण्यात थोडा वेळ गेला. समजल्यावर तो टेबलावर पुढे झुकला आणि म्हणाला, मग त्याला विचार, त्याच्या भांड्यात काय होतं.

मी मराठीत म्हटलं, ''पाठककाका, आपल्यात कोणी सहज कुठे जात नाही. कशाला आला होतात?''

मग पाठक म्हणाले, ''यांना सांगण्यासारखं नाही हो ते.''

''मला सांगण्यासारखं आहे का?''

''तुम्हाला तर त्याहून नाही.''

मी गप्प बसले. डगही बसला. गळ टाकून थांबायची त्याला सवयच होती. शेवटी पाठक बोलायला लागले.

''बँकेच्या पत्रात तुमच्या संस्थेचं नाव वाचलं. म्हटलं, इथे मी पाठक मोजपट्टी घेऊन जाणार. आकडा कमी आला तर म्हणतील, आडनावाने कमी केला. जास्त आला तर म्हणतील, उपकार केले. काम घ्यावं की नाही तेच कळेना. म्हणून बघायला आलो, माझ्यासारख्याला तुम्ही लोक शेजारी बसवून घेता का.''

''आणि छताकडे का बघत होतात?''

''वंदना येत नव्हती मला. सगळ्यांना पाठ. कुठे बघावं कळेना.''

हे सगळं मला डगला इंग्रजीत सांगायचं होतं. म्हणजे आधी जात सांगायची, मग आडनाव सांगायचं, मग आडनावातून जात कशी कळते ते. वर हे सगळं अमेरिकेत येऊनही सामानातून कसं आलं, तेही. विद्यापीठात यावर जाडजूड प्रबंध लिहितात. मी ते एका कॉफीत उरकलं. डग खालच्या आवाजात म्हणाला, म्हणजे ते त्याला जवळ करतात का हे बघायला तो गेला होता? मी म्हटलं, हो. डग म्हणाला, मला वाटलं होतं हे उलट दिशेने चालतं. मी म्हटलं, वाटलं तर मलाही तसंच होतं.

मग डगने नियमाचं पुस्तक उघडलं. मोल करणं म्हणजे किमतीबद्दल मत बनवणं. त्याने फोनमध्ये विचारलं, तुम्ही काही मत बनवलंत का? पाठक म्हणाले, इमारतीबद्दल नाही, रश्श्याबद्दल बनवलं. डगने पुस्तक मिटलं. म्हणाला, परवाना देतो, आजच.

मला उठून नाचावंसं वाटलं. आणि तेवढ्यात पाठक म्हणाले, ''सर, प्लीज डोंट.''

त्याचं कारण त्यांनी डगला इंग्रजीत सांगितलं आणि मला पुन्हा मराठीत, मला नीट कळावं म्हणून. ''ताई, आत्ता बोलता बोलता माझ्या लक्षात आलं. मला त्या दिवशी तिथे फार बरं वाटलं. आकडा चांगला यावा असं वाटायला लागलंय मला. असं ज्याला वाटतं त्याने आकडा काढू नये.''

डग मान हलवत राहिला. इतक्या वर्षांत परवान्यासाठी लोकांनी विनवण्या केल्या, धमक्या दिल्या, एकाने भोपळ्याचा तो गोड 'पाय' भाजून पाठवला. परवाना देऊ नका म्हणून विनवणारा हा पहिलाच, असं तो म्हणाला. त्याच्या आवाजात आदर होता. माझ्यात आदर वगैरे काही नव्हता. माझ्या अंगाची आग झाली होती. यांच्या पणजोबांना आमच्या हातचं पाणी चाललं नसतं आणि यांना आमचा रस्सा इतका चालला की काम करता येईना! दोन्हीकडून घोडं आमचंच अडणार. प्रामाणिकपणाची हौस ज्याने त्याने आपल्या खर्चाने करावी, आमच्या विहाराच्या खर्चाने कशाला? मी तिथून उठले आणि पार्किंगमध्ये गाडीत बसून रडले.

मेश्राम काकांना बँकेकडून कळलंच. त्यांचा मला फोन आला. ''का वं सुजाता, तो पाठक सोडून गेला म्हणते बँक. काऊन सोडलं त्यानं? आपल्याले पाहून सोडलं का?'' त्यांना काय वाटत होतं ते मला स्वच्छ कळत होतं. त्यांच्या आयुष्यात माणसांनी त्यांना पाहून बऱ्याच गोष्टी सोडल्या होत्या: घर भाड्याने द्यायचं सोडलं, लग्नाला बोलवायचं सोडलं. आणि मला काही सांगता येत नव्हतं, कारण कचेरीतलं बोलणं कचेरीत. 'काका, तसं नाही,' एवढंच म्हणता आलं. ते बरं म्हणाले आणि फोन ठेवला. नोकरीत एवढी लाचार मी कधी झाले नाही.

संध्याकाळी त्यांचा परत फोन आला. पाठकांनी स्वतः त्यांना फोन करून काय झालं ते सगळं सांगितलं होतं, आडनावासकट, छतासकट. काका हसत होते. हसता हसता खोकला लागला, पाणी प्यायले, परत हसले. ''जेवला म्हणून सोडलं म्हणते! अवं, जेवत नाहीत म्हणून सोडणारे लय पाहिले. जेवला म्हणून सोडणारा हा पयलाच.'' मी म्हटलं, काका, हसताय काय, महिना संपत आला. ते म्हणाले, ''मी जाऊन येतो डोरोथीकडे.''

डोरोथी ही चर्चची खजिनदार. वय बरंच, ऐकायला कमी, गाळेवाल्या कंपनीचा रोख देकार तिच्याच पर्समध्ये. काका तिच्या स्वयंपाकघरात बसले आणि कुठलंही फडकं न टाकता आले ते काम सांगितलं: आम्हाला मुदत वाढवून हवी. कारण विचारलं तेव्हा कारणही सांगितलं. डोरोथीने ते दोनदा म्हणायला लावलं, आधी ऐकू आलं नाही म्हणून आणि नंतर आवडलं म्हणून. मग म्हणाली, या चर्चच्या जेवणांना मी सारा जन्म ओव्हनमध्ये कॅसरोल शिजवून नेला, पण तो आवडला म्हणून कोणी स्वतःच्या पगारावर पाणी सोडलं नाही. तिने मुदत वाढवून दिली. गाळेवाल्यांना काय सांगितलं ते तिने कोणालाच सांगितलं नाही.

बँकेने नेब्रास्काचा एक माणूस शोधला. डगने त्याचा परवाना अर्ज आला त्याच दिवशी काढला, माझ्या टेबलाला वळसा घालून. तो मनुष्य आला, बोलला नाही, बसला नाही, काकांनी पुढे केलेलं पाणीसुद्धा त्याने घेतलं नाही. मोजपट्टी काढली, मोजलं, छताच्या डागाचा फोटो काढला आणि गेला. आकडा जेमतेम पुरला. कर्ज झालं. मी त्या खिडकीत बसून इतके परवाने दिले, पण जो एक फ्रेम करून भिंतीवर लावला असता त्याच्यावर माझी आद्याक्षरं नाहीत. याची चुटपुट अजून आहे. आता तर अर्ज सगळे संगणकावरच होतात, फोनमागे वारा ऐकू येत नाही, आणि माझ्या खुर्चीवर जी मुलगी बसते तिला डगची व्याख्यांची खोड सोसावी लागत नाही.

स्वतःच्या जागेतल्या पहिल्या रविवारी पाठक आले. फ्रिस्कोहून खास. रांगेत ताट घेऊन उभे. डाग अजून छतावरच होता, कारण रंगाला पैसे उरले नव्हते. वंदनेच्या वेळी मी एक डोळा उघडून पाहिलं. त्यांचे दोन्ही डोळे मिटलेले होते आणि ओठ हलत होते, एक शब्द मागे पडून. मग जेवण झालं. रस्सा मीच वाढला. अजून थोडी रागात होते म्हणून मुद्दाम तिखट केला होता, आणि त्यांनी तोही परत मागितला.

मेश्राम काका त्यांच्या शेजारी येऊन बसले. सगळी पोरं ऐकताहेत हे बघून त्यांनी मुद्दाम मोठ्याने विचारलं, ''पाठकसाहेब, तुमचे आजोबा पाहत असते तर काय म्हणाले असते हो?''

पाठकांनी घास गिळला, नाक पुसलं, आणि वाटी माझ्यापुढे केली.

''आजोबांचं परमिट संपलं, काका. मी एक्स्टेन्शन दिलं नाही.''